तुकडेवाले सर

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात किंवा सौसरात कुठल्याही कॉम्प्युटर क्लासचा जिना चढा. पीजीडीसीएच्या पोरांच्या घोळक्यात हे गृहस्थ सापडतातच. कागदोपत्री नाव काहीही असो, गावात ते 'तुकडेवाले सर'. सर प्रोग्रॅम लिहीत नाहीत, प्रोग्रॅमचे तुकडे जमवतात. लीप वर्ष ओळखणारा, रक्कम अक्षरी लिहिणारा, कृतिदेव फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा. आणि प्रत्येक तुकडा सी, जावा, पायथॉन, पीएचपी अशा सगळ्या भाषांत. अख्खा प्रोग्रॅम कधी करणार, असं विचारलं की म्हणतात, "घाई काऊन करता? सामान तर जमू द्या."

टाकून देणं हा प्रकार सरांना ठाऊक नाही. फॉक्सप्रोला मायक्रोसॉफ्टनं 2015 साली वाऱ्यावर सोडलं. सरांनी सोडलेलं नाही. "दिवस पालटतात जी," म्हणत ते जुनी फाइल नव्या पेनड्राइव्हवर चढवतात.

ह्या धंद्यातही लोक तट पाडून भांडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे ठाकतात, तसे जावावाले आणि पायथॉनवाले एकमेकांवर नेम धरून असतात. सर कुठल्याच काठाचे नाहीत. दोन्हीकडून आलेले गोटे वेचून, पुसून, नंबर घालून ते घरी नेतात.

संत्र्याचा एक व्यापारी एकदा तक्रार घेऊन आला. यादीत एक लाखाचा स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीनं, तीन शून्यांआधी एकदाच पडत होता.

"कोणत्या भाषेत पाहिजे?" सर.

"मराठीत द्या ना जी. हिंदी असली तरी चालते."

"तसं नाही गा. पायथॉनमध्ये का जावास्क्रिप्टमध्ये?"

व्यापाऱ्यानं मालाच्या गाडीकडे बघितलं आणि स्वल्पविराम पेनानं दिला.

पण सरांची खरी करमणूक एकाच गोष्टीची वेगवेगळी मोजदाद करण्यात. नव्या पोराला ते 'पांढुर्णा' ह्या नावाची लांबी विचारतात. पोरगं बोटावर मोजतं : पां, ढु, र्णा. तीन. पायथॉन म्हणतं नऊ, कारण काना, अनुस्वार, उकार, हलन्त सगळ्यांची तिथं वेगळी हजेरी. सीमध्ये बाइट मोजले तर सत्तावीस, कारण यूटीएफ-8 देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट देतं. "मंग खरं कोणतं, सर?" "तिन्ही. ज्याच्या घरी जेवाल, त्याचं माप." हेच नाव पायथॉनच्या एका ओळीत उलटं केलं की काने-मात्रा भलत्याच अक्षरांच्या गळ्यात पडतात. ते बघून सर दरवेळी पोट धरून हसतात.

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून सुरू होतात, ऑगस्टचा नंबर सात. पुण्या-मुंबईचा माणूस ह्यावर वैतागेल. आमच्याकडे नाही. पोळा घरच्या मराठी कॅलेंडरात श्रावणी अमावास्येला येतो, हिंदी पंचांगात तीच अमावास्या भादव्याची. बैल एकदाच सजतात. घरी मराठी आणि तहसिलीत हिंदी बोलणाऱ्या गावाला दोन हिशेब एकदम सांभाळायची सवयच असते. सर फक्त ते लिहून ठेवतात.

2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसरही त्यात आलं, आणि सरांचा दिवस उगवला. एका कापड दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या यादीत छिंदवाड्याच्या जागी सरसकट पांढुर्णा घातलं होतं. लग्न होऊन खुद्द छिंदवाड्याला गेलेल्या लेकी एका बटणात माहेरी परतल्या. 'छिंदवाडा रोड' गावातून उठला. वर काही जिल्हे जागचे हललेच नाहीत. सरांनी चष्मा पुसला. मराठीतला 'छिंदवाडा' वेगळा, नुक्त्याचा हिंदी 'छिंदवाड़ा' वेगळा. त्यातही कुणी 'ड़' अखंड टाइप केलेला, कुणी 'ड'खाली नुक्ता वेगळा ठेवलेला. पडद्यावर जुळे भाऊ, संगणकाला अनोळखी. आधी सगळ्यांना एका रूपात आणायचं, मग तहसील पाहून जिल्हा बदलायचा.

"ह्याचा तुकडा आहे आपल्याकडे!" सर गरजले आणि पेनड्राइव्ह हुडकायला बसले. दुकानदाराचा चहा झाला, दुसरा झाला. तुकडा होता, फक्त कुठं होता ते कळेना. शेवटी सरांनी तो बसल्या बैठकीत नव्यानं लिहिला, यादी सरळ केली, लेकी सासरी धाडल्या आणि नवा तुकडाही पेनड्राइव्हवर ठेवून दिला.

"किती द्यायचे सर?"

"पैसे राहू द्या. ते उधारीचं एक्सेलमधलं सूत्र कोणी लिहून दिलं तुमाले? तेवढं मला पाठवून द्या."