संधी देणारे आबा

हॉटेलातून बाहेर पडताना चारचौघांत "मेलो तरी इथं पाय ठेवणार नाही" अशी शपथ घेणारा आणि आठवड्यात त्याच बाकड्यावर सापडणारा माणूस तुमच्याही गावात असेल. लिंबागणेशात ते पद आबांकडे आहे. मात्र आबा परत जात नाहीत, 'संधी देतात'.

पुण्यातल्या हॉटेलांत राबून आलेल्या एका पोरानं रस्त्यालगत चायनीजची गाडी टाकली आणि पाटीवर शेवटी रंगवलं : जपानी रामेन. आबांनी पहिल्याच वाडग्याचा निकाल लावला. "शेवया धुतलेलं पानी हाय हे! वर अर्धंच अंडं. दुसरं अर्धं कुणाला घातलंस?" पोरगं सांगत होतं, तिकडं हाडं तासन्‌तास उकळून रस्सा काढतात, शेवया चिवट व्हाव्यात म्हणून पिठात क्षाराचं पाणी घालतात. "म्हंजे पापडखारच की. मग पापडच तळ ना!" आबा उठले. शपथ झाली.

चार दिवसांनी हजर. "संधी द्यायला आलोय." जणू पोराचा जामीनच मंजूर झाला. त्या संधीत रश्श्यात येसर पडला. पुढच्या संधीत भाकरी चुरायला आली. संकष्टीला उपास, म्हणून चंद्रोदयापर्यंत गाडीशेजारी उभं राहून नुसत्या वासावर संधी दिली. कोणी हटकलं तर उत्तर तयार : "चंद्र गणपतीला हसला, शाप घेऊन बसला. त्यानं इथंच तप केलं, तर देवानं त्याला कपाळावर घेतलं. भालचंद्राच्या गावात ऱ्हायचं आन् पोराला संधी द्यायची न्हाई व्हय?"

आबांनी न्हाव्याला संधी दिली आहे, जावयाला दिली आहे, प्रत्येक निवडणुकीत कोणाला ना कोणाला दिली आहे. तोंडाळ माणूस. पण गाडीवर गिऱ्हाईक नसलं की त्यांना नेमकी संधी आठवते आणि पैसे रोख देतात, हे कबूल करावं लागेल. मृगात पेरलेलं सोयाबीन पावसानं ओढ दिल्यावर करपतं, तेव्हाही आबा शिव्या घालत बियाण्याच्या दुकानात जातात आणि दुबार पेरतात. ही संधी पावसाला. पावसानं ती दर वेळी घेतली असं नाही.

परवा पोरानं त्यांना मोमोफुकु आंदोची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ ज्या पतसंस्थेचा अध्यक्ष होता ती बुडाली, राहतं घर सोडून सगळं गेलं. मग घरामागच्या शेडमध्ये खपून वयाच्या ४८व्या वर्षी, १९५८ साली, त्यानं जगातलं पहिलं झटपट रामेन बाजारात आणलं.

आबांचा चमचा थांबला. त्यांची ठेव एका बुडालेल्या पतसंस्थेत अडकून पडली आहे.

"संस्था बुडाली आन् अध्यक्ष शेवया करत बसला?" ते म्हणाले. "आमच्या चेअरमननं वड्याची गाडी टाकली असती, तरी म्या रोज संधी दिली असती. आमचा तर गाडी घेऊनच गेला."