अणूंची खरेदी

गाइड कॅमेरा मी विकत घेतला नाही. तो घेतला गेला. यातला फरक घरात कुणालाच पटत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर मांडतो.

घरात एक डीएसएलआर होता, मुलीच्या बारशासाठी घेतलेला. एका थंडीत तो तिपाईवर लावून गच्चीतून मृग नक्षत्राचा फोटो काढला, तर तारे बासमतीच्या दाण्यांसारखे लांबट आले. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलेलं वाक्य तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. आकाश तासाला 15 अंश सरकतं. या छंदातल्या लोकांचा एक ठोकताळा आहे: 500 ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागायचं, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं. 50 मिलिमीटरच्या लेन्सला 10 सेकंद मिळतात, 1000 मिलिमीटरच्या दुर्बिणीला फक्त अर्धा. पंचवीस लाख प्रकाशवर्षं चालून आलेला देवयानी दीर्घिकेचा उजेड अर्ध्या सेकंदात काय टिपणार? म्हणून आकाशाबरोबर फिरणारं माउंट आलं.

माउंटला दुर्बिणीचा तोल सांभाळायला लोखंडी वजनं लागतात, ती आली. माउंटच्या गिअरचे दात कितीही बारकाईनं कापले तरी अगदी एकसारखे नसतात, त्यामुळे ते किंचित पुढेमागे चालतं. ते किती चुकतंय हे बघून त्याला दुरुस्त करायला एक छोटी दुर्बीण आणि तिच्या पाठीशी गाइड कॅमेरा. कॅमेऱ्याला लॅपटॉप, लॅपटॉपला बॅटरी. रात्री काचेवर दव धरतं म्हणून काचेभोवती गरम पट्टा. पट्टा बॅटरी खातो म्हणून मोठी बॅटरी. ती बॅटरी उचलताना कंबर धरली म्हणून मलाही गरम पट्टा.

या साखळीत मी कुठे काय ठरवलं, ते दाखवा. 1814 साली लाप्लास लिहून गेला, की विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्याच्यावरची बलं एखाद्या बुद्धीला एका क्षणी कळली, तर तिच्यापुढे भूत आणि भविष्य दोन्ही उघडे पडतील. त्या बुद्धीला माझा गाइड कॅमेराही तेव्हाच दिसला असणार, कुरिअरच्या पावतीसकट. हे मी बायकोला जेवताना नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे अणूंनी घेतला," ती म्हणाली. "मग हप्तेही अणूंच्याच खात्यातून जाऊ द्या."

माझे साडू कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी तरी माझी बाजू घ्यावी, अशी अपेक्षा होती. ते लाप्लासच्या पुढची शंभर-दीडशे वर्षं ऐकवत बसले: रेडियमचा अणू कधी फुटेल हे त्या अणूलाही ठाऊक नसतं, वगैरे. पण फुटण्यात अणूची मर्जी नसते, तशी घेण्यात माझी नव्हती, हे त्यांना मान्य करावं लागलं. बॅटरी उचलायला यायचंही त्यांनी मान्य केलं.

तर 2025च्या नोव्हेंबरमधल्या अमावास्येला आम्ही वेल्ह्याच्या पुढे, ओळखीच्या एकांच्या शेतात पोचलो. मालक पुण्यात राहतात, त्यांची परवानगी होती. गावाला मात्र याची काही कल्पना नव्हती.

शेताच्या उत्तरेला डोंगर. माउंटचा अक्ष ध्रुवाच्या दिशेनं लावावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर. तो डोंगरामागे अढळपदी बसलेला. (तसा तो अढळही नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून पौर्णिमेच्या चंद्राच्या बिंबाहून जास्तच सरकलेला आहे आणि रोज एक चिमुकली प्रदक्षिणा घालतो. पण ध्रुवबाळाच्या गोष्टीत एवढं कोण सांगणार.) शेवटी मोबाइलमधल्या होकायंत्रावर भागवलं.

दुर्बिणीच्या काचेवरची धूळ आणि कडांचा काळोख फोटोतून नंतर काढून टाकता यावा, म्हणून एक कोऱ्या उजेडाचा फोटो काढून ठेवतात. त्याची सर्वमान्य पद्धत अशी, की तिन्हीसांजेला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बसवायचं. मी धुतलेला बनियन आणला होता. तो नळकांड्याला घालून, रबर बँड लावून, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. अंधार पडल्यावर लाल दिवा लावला, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना लाल उजेड त्रास देत नाही. मग लोखंडी वजनं एकेक करून मांडली.

बांधापलीकडून हे सगळं बघितलं जात होतं.

बॅटऱ्या आल्या तेव्हा मी गुडघ्यांवर होतो. सात-आठ जण असतील. पुढच्यानं विचारलं, "काय चाललंय हितं?"

"फोटो काढतोय," मी म्हणालो. "देवयानीचा."

"कोन देवयानी?"

"आकाशातली," साडूंनी मदत केली.

"आकाशातली म्हंजी? वारली का काय?"

यानंतर चौकशीला रंग चढला. अमावास्येची रात्र, लाल दिवा, लोखंडाची वजनं, बनियन घातलेलं नळकांडं आणि गुडघ्यांवर बसलेला शहरी माणूस. गुप्तधनाची जागा हीच का, लिंबं कुठं ठेवलीत, आणि गाडीच्या डिकीत कोंबडं आहे का, हे एकाच दमात विचारलं गेलं. डिकी उघडून दाखवली. तिच्यात आणखी वजनं निघाली. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते. त्याच कायद्यातला संशयित म्हणून उभं राहताना एक प्रकारचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पोलीस पाटील आले म्हणून निभावलं. शांत माणूस. त्यांनी दुर्बिणीभोवती एक फेरी मारली, बनियनकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "शनी दावता का ह्यातून?" त्यांच्या पुतण्याची मेष रास, मार्चपासून साडेसाती लागलेली.

कॅमेरा काढून आयपीस लावला आणि शनी धरला. पाटलांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कडं कुठंय?"

आता हे काय सांगायचं! शनीची कडी साधारण पंधरा वर्षांनी एकदा आपल्याकडे धार करून येतात आणि दिसेनाशी होतात. 2025 हे नेमकं तसलं वर्ष. मार्चमध्ये ती पार मिटली, नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ मिटत आली होती. पाटलांना दिसला तो एक पिवळसर गोळा आणि त्यातून आरपार गेलेली सुईएवढी रेघ.

"ह्यो आमच्या पोराच्या मागं लागलाय व्हय," पाटील म्हणाले. आवाजात शनीबद्दल थोडी कीवच होती. मग त्यांनी आम्ही पत्रिकाही बघतो का, ते विचारलं.

मी त्यांना जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. 2008 साली नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषांची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ती सरासरी 46 टक्के.

पाटलांनी मनात हिशेब केला. "म्हंजी नाणं उडवल्यालं बरं," ते म्हणाले आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्यानंतर देवयानीचे फोटो कमी आणि गावाला शनिदर्शन जास्त, असा कार्यक्रम झाला. माझ्या फ्रेमांमधून बॅटऱ्यांचे झोत इकडून तिकडे फिरत राहिले.

परतताना साडू गाडी चालवता चालवता, सगळं आधीच ठरलेलं असतं का, याच वादाकडे वळले. जॉन बेलनं 1964 साली दाखवलं, की जोडीनं जन्मलेले दोन फोटॉन लांब नेऊन मोजले आणि त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असली, तर त्यांचं एकमेकांशी जमणं एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. प्रयोगात ते जातं. मग शंकेखोर म्हणाले: कोणतं मोजमाप घ्यायचं ही तुमची निवडच आधी ठरलेली असेल, फोटॉनशी संगनमत करून! यावर आंतोन त्साइलिंगर आणि सहकाऱ्यांनी 2018 साली तोड काढली. ला पाल्मा बेटावरच्या दोन मोठ्या दुर्बिणी दोन क्वेसारांवर लावल्या आणि मोजमापाची निवड त्या उजेडाच्या रंगावर सोडून दिली. एका क्वेसारचा उजेड 780 कोटी वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा 1220 कोटी. निकाल तोच आला. म्हणजे कट असलाच, तर तो निदान 780 कोटी वर्षांपूर्वी शिजलेला असायला हवा, सूर्य जन्मायच्याही आधी.

"बघा," मी म्हणालो, "तेव्हापासूनचं आहे हे."

"यातून तुमचा गाइड कॅमेरा सिद्ध होत नाही," साडू म्हणाले. मी कमरेचा पट्टा चालू केला.

घरी आल्यावर स्टॅकिंग. एका फोटोत दिसतो तो निव्वळ गोंगाट. अनेक फोटो एकावर एक रचले की गोंगाट आपापसात जिरतो आणि वस्तू वर येते, पण दुप्पट स्वच्छ चित्राला चौपट फोटो लागतात. त्या कंटाळवाण्या रात्री मला बेंजामिन लिबेट आठवला. 1983 साली त्यानं दाखवलं, की बोट हलवावं असं माणसाला वाटायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीची लहर उठलेली असते. मला हा निकाल फार प्रिय होता. पण ती लहरही एका नोंदीत दिसत नाही. लिबेटनं 40-40 नोंदी एकावर एक रचल्या, तेव्हा ती दिसली. त्यानंही स्टॅकिंगच केलं होतं! आणि 2012 साली शुर्गर आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की ती लहर म्हणजे निर्णय नसेलही. मेंदूतली खदखद सतत वरखाली होत असते, ती योगायोगानं उंच चढली की बोट हलतं. बोट हलल्याचा क्षण धरून मागच्या नोंदी रचल्या, तर नुसत्या गोंगाटातूनही तशी लहर उभी राहते. माझा गाइड कॅमेरा नियतीनं घेतला की मेंदूतल्या खदखदीनं, हा प्रश्न त्यामुळे जरा नाजूक झाला.

देवयानी आली, तीही एका कुशीवर लांबलेली. ध्रुव डोंगरामागे होता, दुसरं काय होणार. आता बाजारात डब्याएवढी स्वयंचलित दुर्बीण आलीय. ती आकाश स्वतः ओळखते, वस्तू स्वतः शोधते, फोटो स्वतः रचते. बनियन लागत नाही, साडू लागत नाहीत. ध्रुव न दिसताही तिचं भागतं. माणसानं करायचं ते एकच, विकत घेणं.

लिबेटनं स्वतः एक फट उघडी ठेवली होती. लहर मेंदूत उठली, तरी शेवटच्या क्षणी नकार द्यायची सोय माणसाकडे असते, असं तो मानायचा. आमच्या घरात ती सोय बायकोकडे आहे. गेल्या महिन्यात तिनं बँकेत नोंदवलेला नंबर बदलून घेतला, त्यामुळे कार्डाचा ओटीपी आता तिच्या मोबाइलवर येतो.

रविवारी सकाळी मी पैसे भरायचं बटण दाबलं, किंवा ते दाबलं गेलं. स्वयंपाकघरात मोबाइल वाजला.

"अहो," आतून आवाज आला, "कसलासा सहा आकडी नंबर आला होता. मी वाचायच्या आतच माझ्या अणूंनी उडवला."