हे तुम्हाला दिसत नसेल, पण...

तुळजापुरात गोंधळी उभा राहतो तेव्हा हाताशी संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी एवढेच असते. आधी गावोगावच्या देवांना नावानिशी आवतण, मग आख्यान. मध्येच आडवे प्रश्न विचारून नायकाला जमिनीवर ठेवणारा साथीदार असतोच.

संशोधन परिषदेतल्या वक्त्याला अशी साथ नसते. त्याची पहिली पाच मिनिटे प्रोजेक्टरची वायर जुळवण्यात आणि पुढची मान्यवरांचे आभार मानण्यात जातात. मग पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरांचे कोष्टक येते आणि मागोमाग ते अजरामर वाक्य: ‘हे तुम्हाला दिसत नसेल, पण...’

दिसत नाही तर दाखवता कशाला, हे विचारणार कोण? वक्ता पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचतो. निष्कर्षापर्यंत पोहोचतो तोच अध्यक्षांची ‘वेळ संपली’ची चिठ्ठी येते.

हसून सोडून द्यावे, तर २००३ सालची ‘कोलंबिया’ अंतराळयानाची दुर्घटना आठवते. कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नासापुढे मांडलेल्या एका पॉवरपॉइंट स्लाइडचीही चिरफाड केली: यानावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दलची कळीची माहिती तिच्या तळाशी, बारीक ओळींत दडली होती.

तेव्हा संशोधकहो, निष्कर्ष आधी सांगा, आणि पहिल्या रांगेत एखादा खवट साथीदार बसवा. मानधन म्हणून परिषदेचे जेवण पुरेल.