एक टक्का शक्यतेच्या निंजारावांस

प्रति,
माननीय निंजाराव,
श्रेणी एसएसआर (म्हणजे अतिदुर्मिळ), चौकट सोनेरी,
मुक्काम : माझ्याच मोबाइलमध्ये, पण माझ्या संघात नव्हे.

विषय : दर्शन देण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, ‘तुम्ही खुशाल झोपा, निंजा लढतील’ ही जाहिरात वाचून मी आपल्या फुकट खेळात दाखल झालो. निंजा लढतात, त्याबद्दल तक्रार नाही. झोपेचं तेवढं जमत नाही. आपोआप जमणाऱ्या नाण्यांची पेटी 12 तासांत तुडुंब भरते आणि पुढची कमाई बंद. ती रिकामी करायला मलाच हजर राहावं लागतं. शिवाय रोजची कामं : हजेरी लावा, दुकानात डोकावा, गिल्डमधल्या मंडळींना भेटी पाठवा. प्रत्येक कामावर लाल ठिपका. एक पुसला की दोन उगवतात, रक्तबीजाचंच खानदान. ऑफिसात उशिरा पोचलो तर साहेब नुसते खाकरतात. इथं एक हजेरी चुकली की आठवड्याचं बक्षीस बुडतं.

आपल्याला बोलावण्याचा विधी मात्र देखणा आहे. गुंडाळी उलगडते, धूर निघतो, चौकट निळी होते, जांभळी होते, कडेला क्षणभर सोनेरी झाक येते, माझा श्वास अडकतो, आणि धुरातून बाहेर येतो तोच निळ्या चौकटीतला मख्ख गडी, जो माझ्याकडे आधीच पोत्यानं पडलाय. मग त्याला दुसऱ्या निंजात विलीन करून ‘पॉवर’ वाढवायची. माझी पॉवर लाखांतून कोटींत गेली त्या दिवशी मी कॉलर ताठ केली. पाहतो तर समोरचा शत्रूही कोटींतच आलेला.

आपण भेटण्याची शक्यता एक टक्का, हे बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेलं आहे. त्यावरून 100 वेळा गुंडाळी उलगडली की आपण एकदा तरी याल, असं कुणालाही वाटेल. गणित तसं म्हणत नाही. 100 जणांनी प्रत्येकी 100 वेळा ती उलगडली, तरी सरासरी 37 जणांच्या हाती भोपळाच. अशा अभाग्यांसाठी ‘हमखास’ भेटीची सोय आहे, तिथवर जायला हिरे लागतात आणि हिरे दुकानात मिळतात. पहिली थैली अवघी 29 रुपयांची. एवढ्यानं काय होतंय, म्हणून माणूस ती घेतो. पुढच्या थैल्या पहिली वाया जाऊ नये म्हणून घेतो.

आपल्या पूर्वजांबद्दलही वाचलं. जपानच्या इगा आणि कोगा भागातली ती मंडळी. त्यांची विद्या 1676 सालच्या ‘बान्सेन्शूकाई’ या ग्रंथात नोंदलेली आहे. वेषांतर करायचं, शत्रूच्या घरात शिरायचं, बातमी काढायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांचं कसब. आपण गिल्डमधल्या कुणावर प्रसन्न झालात की अख्ख्या सर्व्हरवर दवंडी पिटली जाते. अदृश्य राहण्याचं व्रत फक्त माझ्यापुरतं पाळता.

आपल्या या आपोआप खेळाचाही एक पूर्वज सापडला. 2002 साली एरिक फ्रेड्रिक्सन यांनी ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नावाचा खेळ काढला. पात्र तयार करून द्यायचं, पुढची मारामारी ते स्वतःच करतं, आपण बघत बसायचं. ती चक्क थट्टा होती. आपल्या मालकांनी तिचा धंदा केला, कारण त्यांना एक गोष्ट कळली : काही न करण्याचे पैसे कुणी देत नाही, पण आधी ताटकळत ठेवलं तर ताटकळणं संपवण्याचे देतो. आपल्या मायदेशात संच पूर्ण केल्यावरच मोठं बक्षीस देणारी ‘कंप्लीट गाचा’ पद्धत 2012 मध्ये बेकायदा ठरली. माझा संच अजून अपुराच आहे, हे जाता जाता नमूद करतो.

सबब, मागण्या पुढीलप्रमाणे :

1. नाण्यांच्या पेटीला रविवारची सुट्टी द्यावी.
2. ‘फक्त आजच’ ही सवलत रोज असते; पाटी बदलून ‘रोजच’ अशी करावी.
3. पोत्यातल्या निळ्या निंजांचं पुनर्वसन करावं.
4. हे न जमल्यास आपण स्वतः यावं, म्हणजे पहिल्या तीन मागण्या मी मागे घेईन.

उत्तर लवकर मिळावं. त्याला सहा तास लागणार असतील, तर 30 सेकंदांची जाहिरात बघून ते तीन तासांवर आणायची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक फुकट खेळाडू
(आजवरचा खर्च घरी सांगितलेला नाही)