नीटमध्ये राहिली म्हणून?

बुऱ्हाणपुरात बारावीनंतरच्या त्या दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "नीटमध्ये राहिली का गं? म्हणून बायोकेमिस्ट्री?" विचारणाऱ्याचा सूर सांत्वनाचा असतो. मला तो सूर खुपतो.

16 ऑक्टोबर 2022 ला भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, ती तीनच विषयांची: शरीररचना, शरीरक्रिया आणि जैवरसायन. म्हणजे जैवरसायन, हीच बायोकेमिस्ट्री, डॉक्टरकीच्या पायातला दगड. मग तोच विषय तीन वर्षं मुळापासून शिकणारी पोर हुकलेली कशी?

मे महिन्यातली दुपार घ्या. खकनारकडच्या एखाद्या गावातून उपाशीपोटी काढलेलं रक्त मोटारसायकलच्या डिकीत शहरात येतं. नळी साधी असेल आणि रक्त तसंच पडून राहिलं, तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के, उकाड्यात त्याहून जास्त. खरी 140 असलेली साखर अडीच-तीन तासांत 120 च्या खाली उतरते. मधुमेहाची रेषा 126 वर आहे. माणूस निर्धास्त होऊन घरी जातो, आणि आजार त्याच्याबरोबर जातो. म्हणूनच फ्लोराइड घातलेली, करड्या बुचाची नळी लागते. वाटेत हादऱ्यांनी तांबड्या पेशी फुटल्या, की पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. यंत्र आकडा छापून मोकळं होतं. हा आकडा खोटा आहे, नमुना परत मागवा, असं ठामपणे म्हणायला पेशीच्या आत काय चालतं ते ठाऊक असावं लागतं.

आणि सिकलसेल. आपल्या सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांचं हे जुनं दुखणं. देशव्यापी मोहीम आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाली, 1 जुलै 2023 ला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बिघाड एवढाच. पण विद्राव्यता चाचणी फक्त दोष आहे की नाही तेवढं सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. एखाद्या कोरकू किंवा बारेला घरातलं लग्न त्या चाचणीच्या आलेखावर थांबू शकतं. तो आलेख चुकीचा वाचला गेला, तर भरपाई कोण करणार?

2021 च्या केंद्रीय कायद्यानं आरोग्यक्षेत्रातल्या व्यवसायांची यादी केली, त्यात बायोकेमिस्टचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. आता बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या सरकारी प्रयोगशाळांत बायोकेमिस्ट्री शिकलेल्या मुलांसाठी पदं काढा, आणि ती त्याच नावानं काढा.