सहा बाय तीनचा इम्पॅक्ट

कुठल्या संस्थेनं समाजासाठी किती केलं, हे तिच्या विश्वस्तांना विचारू नये. फ्लेक्सवाल्याला विचारावं. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून चार पावलांवर माझं फ्लेक्स, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगचं दुकान आहे. शहरातलं बरंचसं समाजकार्य आधी माझ्याकडे येतं, सहा बाय तीनच्या मापात छापून घेतं, चारी कोपऱ्यांना आयलेट मारून घेतं आणि मग समाजाकडे जातं.

या धंद्यात मला लाभलेलं सगळ्यात नेमस्त गिऱ्हाईक म्हणजे इम्पॅक्टसर. एका मॅनेजमेंट कॉलेजात ते मार्केटिंग शिकवतात, म्हणजे शिकवायचे. मध्यंतरी एका मीटिंगला ते उशिरा पोचले आणि तेवढ्या वेळात त्यांना ‘सामाजिक प्रभाव मापन समिती’चं निमंत्रक करून टाकण्यात आलं. समितीत दुसरं कोणी नाही. असे एक सर हल्ली जवळजवळ प्रत्येक मॅनेजमेंट कॉलेजात असतात. वय चाळिशीच्या आगेमागे, पीएचडी ‘सबमिशनच्या स्टेजला’, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बॅगेत कोऱ्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा आणि फोनमध्ये अक्षांश-रेखांशासकट फोटो काढणारं अ‍ॅप. हा शेवटचा ऐवज महत्त्वाचा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांची प्रतवारी करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत फोटो लावायचा तर तो जिओटॅग केलेला लागतो. त्यामुळे आमचे सर माणसांकडे बघण्याआधी फोनला रेंज आहे का ते बघतात.

सवय अंगात किती मुरावी? सरांच्या मुलाच्या मुंजीला गेलो होतो. दारात अत्तरदाणी घेऊन कोणी नव्हतं, पण एक विद्यार्थी वही घेऊन उभा होता. नाव, गाव, मोबाइल, सही. पुढे ‘अभिप्राय’चा रकाना. मी ‘जेवण उत्तम’ लिहिलं. पोरगा म्हणाला, “काका, एक ते पाचात सांगा.”

फ्लेक्सच्या बाबतीत मात्र सर काटकसरी. “भाऊ, तारीख मोकळी ठेवा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘समाजाभिमुख व्यवस्थापन : एकदिवसीय उपक्रम’ असा एक फ्लेक्स मी त्यांना कधीकाळी छापून दिला. तो रक्तदानाला चालला, भाट्याच्या किनाऱ्यावर प्लास्टिक वेचायला चालला, शाळेत वह्या वाटायला चालला. दर वेळी फक्त तारखेची चिकटपट्टी बदलते. हल्ली त्या जागी इतक्या पट्ट्या साचल्यात, की फ्लेक्स गुंडाळला तर तिथे टेंगूळ येतं.

आता हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पूर्वी कॉलेजला एवढं कोणी पुसत नसे. पोरं पास होतात का? होतात. नोकरीला लागतात का? लागतात. संपलं. पण २००८ साली अमेरिकेतल्या मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळल्या आणि त्या चालवणाऱ्यांत एमबीए झालेले हुशार लोक बरेच निघाले. तेव्हा लोक विचारू लागले, की बाबांनो, या शाळा समाजाला देतात तरी काय? मग मोजमापांची लाट आली. १९१६ साली स्थापन झालेल्या, बिझनेस स्कूलांना प्रमाणपत्र देणाऱ्या एएसीएसबी या अमेरिकन संस्थेनं २०२० च्या निकषांत नववा निकष खास ‘सामाजिक प्रभावा’चा घातला. युरोपात ईएफएमडी या संस्थेनं फ्रेंच लोकांची मोजणीपद्धत उचलून बीएसआयएस नावाची व्यवस्था उभी केली. २०२० च्याच जानेवारीत दावोसला ‘पॉझिटिव्ह इम्पॅक्ट रेटिंग’ निघालं; त्यात विद्यार्थीच आपल्या शाळेला गुण देतात. ही सगळी विद्या मला सरांनी बाइंडिंगला टाकलेल्या कागदांतून मिळाली. बाइंडिंगवाल्याला सगळं वाचावंच लागतं. पानं मागेपुढे लागली तर शिव्या त्यालाच.

आमच्या सरांच्या कॉलेजला यातलं एकही प्रमाणपत्र नाही आणि त्याची फी बघता नजीकच्या शतकात मिळेल असंही नाही. पण प्राचार्य पुण्याला कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना ‘इम्पॅक्ट झोन’ हा शब्द घेऊन आले. बीएसआयएसमध्ये संस्थेनं आपलं प्रभावक्षेत्र आधी आखून द्यायचं असतं. सर माझ्या दुकानात जिल्ह्याचा नकाशा घेऊन आले, काउंटरवर पसरला, कॉलेजवर कंपासचं टोक रोवलं आणि गोल फिरवला. निम्मं प्रभावक्षेत्र अरबी समुद्रात गेलं.

मी म्हटलं, “सर, एवढा इम्पॅक्ट पापलेटांवर?”

सर क्षणभर गप्प झाले. मग चेहरा उजळला. “भाऊ, संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत ध्येयं आहेत. त्यातलं चौदावं पाण्याखालच्या जीवसृष्टीचं. नाहीतरी त्यात आपलं काही दाखवायला नव्हतंच.” पूर्वेला मात्र रेघ साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढू लागली तशी त्यांनी कंपास उचलला. वर कोल्हापूरकरांचं प्रभावक्षेत्र सुरू होतं, उगाच वाद नको.

वादाचं म्हणाल तर सीमाप्रश्नावर सरांची भूमिका उर्वरित महाराष्ट्राहून वेगळी आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत, जी २०१६ पासून निघते, ‘आउटरीच आणि इन्क्लुझिव्हिटी’ या सदराला शंभरात दहाचं वजन असतं. नाव वाचून वाटेल, गावोगाव केलेल्या कामाचे गुण असतील. तसं नाही. परराज्यांतून किती विद्यार्थी आले, मुली किती, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतले किती, अपंगांसाठी सोयी काय, हे त्यात बघतात. सरांच्या वर्गात एक मुलगी बेळगावची आहे. घरी मराठी बोलते, आजोबा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. तिनं फॉर्मवर गावापुढे बाणेदारपणे ‘महाराष्ट्र’ लिहिलं. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि हात जोडले : “बाळ, क्रमवारीचा अर्ज जाईपर्यंत कर्नाटक राहू दे. पुढचं न्यायालय बघून घेईल.”

कर्नाटक सरांना दुसऱ्यांदा भेटलं ते आंब्याच्या कार्यशाळेत. ‘हापूस विपणनातील आधुनिक तंत्रे’. विषय चांगला. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बागायतदाराला उपयोग कसा करता येईल हे सांगायलाच हवं. पण तारीख पडली एप्रिलमधली, कारण कॉलेजचा अहवाल मे महिन्यात जायचा. एप्रिलमध्ये बागायतदार पहाटेपासून झाडाखाली असतो. तोड, निवड, पेटी भरणं, रात्रीच्या गाडीनं वाशी. मांडवात तीन बागायतदार आले, तेही एका लग्नाला जाता जाता. सरांनी मग शेजारच्या बागांतून राखणीचे नेपाळी गुरखे बोलावून आणले. चहा-बिस्किटं झाली, सह्या झाल्या. अहवाल बाइंडिंगला आला तेव्हा त्यात छापलेलं होतं : ‘आंतरराष्ट्रीय सहभाग : ४’.

त्या तिघांतला एक बागायतदार उठून म्हणाला, “सर, तंत्र राहू द्या. मी पेटी पाठवतो, दर वाशीला दलाल ठरवतो, पट्टी नंतर हातात येते. आणि माझ्याच गावाच्या नावाच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकतात. त्याला काय करू?” सरांकडे त्याचं उत्तर नव्हतं, ते कोणाकडेच नाही. पण त्यांच्याकडे रकाना होता. त्यांनी लिहिलं : ‘उपस्थितांनी उत्स्फूर्तपणे चर्चेत भाग घेतला.’

सरांचा खरा कस लागतो तो ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये. प्रभाव दाखवायचा म्हणजे उपक्रमाआधी लोकांना किती माहीत होतं आणि नंतर किती, हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन प्रश्नावल्या. एका वाडीत बचत नियोजनाचं भाषण झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांच्या लक्षात आलं, की आधीची प्रश्नावली बॅगेतच राहिली. त्यांनी ती आता वाटली. पुढे बसलेल्या एका काकूंनी सरांचा पडलेला चेहरा बघितला आणि हळूच विचारलं, “आधीचं म्हणजे चुकीचं लिहायचं ना?” कोकणी माणूस पाहुण्याला रित्या हातानं पाठवत नाही. त्या वाडीचं अज्ञान एका दुपारीत इतकं वाढलं आणि इतकं दूर झालं, की आलेख कागदाबाहेर गेला आणि मला तो ए-थ्रीवर काढून घडी घालावा लागला.

हसतो मी, पण सरांना वेडं समजत नाही. संध्याकाळी लाइट जाते, मशीन बंद पडतं आणि ते स्टुलावर बसून मोबाइलच्या उजेडात बेरजा जमवत असतात, तेव्हा त्यांचं खरं बोलणं बाहेर येतं. “भाऊ, किती जण आले ते मोजायला हजेरीपत्रक पुरतं. येऊन त्यांचं काय झालं हे मोजायचं तर परत जावं लागतं. परत जायला बजेट नाही.” मग आवाज उतरवून, “आणि आपल्या सगळ्यात मोठ्या इम्पॅक्टला तर रकानाच नाही.”

तो इम्पॅक्ट म्हणजे प्लेसमेंट. कॉलेजच्या दारावरचा बारा बाय आठचा फ्लेक्स मीच छापलाय : पासपोर्ट साइजचे चेहरे आणि खाली हिंजवडी, ऐरोली, बंगळुरू. एकाच्याही खाली रत्नागिरी नाही. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देश वाढत होता, आम्ही घटत होतो. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे बायका ११२२. मुलींचं प्रमाण घसरल्याची बोंब राज्यभर, आणि आमच्याकडे हा आकडा, कारण पुरुष मुंबईला. जे काम आधी गिरण्यांनी केलं, ते आता प्लेसमेंट सेल करतो. सर म्हणाले, “शंभर टक्के प्लेसमेंट झाली म्हणून प्राचार्य पेढे वाटतात. मी प्रभावक्षेत्राचा नकाशा बघतो. निम्मा समुद्र, आणि उरलेल्या निम्म्यातली पोरं आपणच कोकणकन्येत बसवून देतोय.”

पण सर हरणारे नव्हेत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला ‘स्थानिक उद्योजक’ या रकान्यात घातलं आणि निवळी फाट्याच्या आतल्या एका वाडीत नेलं. उपक्रम होता महिला बचत गटासाठी डिजिटल व्यवहार साक्षरता. मी फ्लेक्स बांधला. एका विद्यार्थ्यानं क्यूआर कोड म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. गटाच्या अध्यक्षा, सगळे त्यांना काकी म्हणतात, पदर खोचून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर पंगत. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, सोलकढी. जेवण झालं तशी काकींनी चुलीमागच्या भिंतीला लावलेला प्लास्टिकचा क्यूआर कोड दाखवला. “ताटाचे पैशे हितं मारा. आन सुट्टे मोजीत बसू नका.” सरांचा विद्यार्थी फोन पुढे करून उभा राहिला; त्याचं चार्जिंग संपलं होतं. पैसे काकींच्या सुनेनं दुसऱ्या फोनवरून कसे द्यायचे ते त्याला दाखवलं.

मग काकींनी एक लांबट वही काढली. गटाचा हिशेब. एकेका ओळीत तारीख, कुठल्या कॉलेजची पोरं, ताटं किती, भाषण कशावर. ‘हात धुने’ तीनदा. ‘बचतीचे म्हत्व’ पाचदा. आणि हा बचत गटच, स्थापन होऊन वर्षं लोटलेली. इंजिनिअरिंगवाले, नर्सिंगवाले, कॉमर्सवाले, मॅनेजमेंटवाले, सगळे येऊन गेलेले. काकी म्हणाल्या, “येक टायमाला समदी येतात, फोटू काढतात, जेवतात. परत येऊन कुनी काय इचारला न्हाय. म्हटला, येतायत तर येऊं देत, पन जेवान फुकट न्हाय.” त्या पैशांतून गटानं पिठाची गिरण घेतली होती. ती मागच्या पडवीत घरघरत होती. फोटोत ती कोणाच्याच आलेली नव्हती, कारण फ्लेक्स पुढच्या अंगणात बांधतात.

सरांनी वही हातात घेतली. एका बोटानं बेरीज केली. पुन्हा एकदा केली. त्यांचे कान लाल झाले. “भाऊ,” ते माझ्या दंडाला धरून म्हणाले, “बीएसआयएसची पहिली बाजू कुठली? आर्थिक! संस्थेमुळे, तिच्या विद्यार्थ्यांमुळे, पाहुण्यांमुळे भागात किती पैसा आला! हा आकडा खरा आहे. सहीचा आहे. आधी-नंतर आहे, आधी गिरण नव्हती, नंतर आहे!” इतकी वर्षं पोरांना भाषणं द्यायला नेलं, आणि प्रभाव पडला तो पोरं जेवली म्हणून.

काकींना यातलं एवढंच कळलं, की वहीतल्या पैशांनी सर खूश झालेत. “म्हंजे आमाला मिळाले ते पैशे, त्यो तुमचा इम्पॅक्ट?”

“तोच काकी! एक नंबरचा!”

“मंग पुडल्या खेपेस ताटाला वीस रुपये वाढवतंय,” काकी म्हणाल्या. “तुमचा पन वाढल.”

सरांनी बॅगेतून अहवालाचा मसुदा काढला, ‘पुढील वर्षाची उद्दिष्टे’ हा रकाना शोधला आणि वीस रुपये त्यात लिहून काकींची सही घेतली.