बीरगाव तळाचे स्थायी आदेश

नवरा फौजेत आणि बिऱ्हाड रायपूरजवळच्या बीरगावात, अशा प्रत्येक मराठी बाईला हे आदेश आजपासून लागू आहेत. नवऱ्याचा शत्रू कुठे आहे ते त्याची पलटण पाहील. आपला शत्रू गच्चीवर उतरतो. उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ वाऱ्याबरोबर येते, म्हणून कुरडया-पापड वाळत घालण्याआधी वारा कुठला ते पाहावे. अंदाज चुकल्यास, पापड उडदाचा की कोळशाचा, हा वाद नणंदेशी घालू नये.

‘भैया कहाँ हैं?’ असे कोणी विचारल्यास ‘५६ एपीओ’ एवढेच सांगावे. हे गाव नकाशात नाही. तो सैनिकी टपालाचा पत्ता आहे आणि खरी जागा कळू नये हाच त्याचा उपयोग. बँकेतल्या संगणकाला मात्र जिल्हा लागतोच. अशा वेळी आवाज चढवू नये. दारावर बंदूक घेऊन उभा असलेला गार्ड बहुधा माजी सैनिक असतो, त्याला पुढे घालावे. साहेबांना समजावण्याचे काम तो हौसेने करतो.

फोन आल्यास कामाचे आधी बोलावे, ‘जेवलात का’ नंतर. रेंज कधीही जाते. पोराला ताप आल्याची बातमी ताप उतरल्यावर द्यावी. तिकडूनही ‘सगळं ठीक’ असेच येते. दोन्हीकडून सारखेच खोटे बोलले जात असल्याने हिशेब जुळतो.

भाद्रपदात हरतालिका येते, त्याच दिवशी गल्लीत तीजा असतो. छत्तीसगढी बायका त्यासाठी माहेरी जातात, आदल्या रात्री कारल्याच्या भाजीशी भात खातात. त्याला करू भात म्हणतात. आपले माहेर साताऱ्याकडे, म्हणजे आझाद हिंद एक्सप्रेसने पुणे आणि तिथून एसटी. एका उपासासाठी ते परवडत नाही. त्यामुळे गल्लीत उरतात एकेकटे नवरे आणि आपण. कुकरला पाणी किती घालायचे, हे विचारायला ते रांगेने आपल्याच दारात येतात. जिचा नवरा वर्षभर घरी नाही, तिच्या वाट्याला त्या दिवशी गल्लीभरचे नवरे येतात. उत्तर दारातूनच द्यावे.

हळदीकुंकवाला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जावे. ‘किती अभिमान वाटत असेल ना!’ असे तिथे ऐकायला मिळेल. ‘हो’ म्हणून लगेच रिक्षाभाड्याचा विषय काढावा.

खरा कसोटीचा काळ म्हणजे नवऱ्याची सुट्टी. वर्षाची रजा ६० दिवसांची असली, तरी ती तुकड्यातुकड्यांत येते, आणि प्रत्येक तुकड्याचे पहिले तीन दिवस गोड असतात. चौथ्या दिवशी इन्स्पेक्शन सुरू होते. चपला ओळीत, डब्यांवर नावे, मुलांना पहाटे पाचला पीटी. नळाला पाणी किती वाजता येते हे ज्याला ठाऊक नाही, तो पाइपलाइन बदलायला काढतो. भांडू नये, पण घराचा चार्जही देऊ नये. एखादे निरुपद्रवी खाते सोपवावे, उदाहरणार्थ कूलर. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे गवत बदलणे, टाकी घासणे, मोटर उघडणे हे काम संपत नाही, आणि माणूस कामात आहे हे शेजाऱ्यांनाही दिसते. मुलांना ‘पप्पांना विचार’ असे चुकूनही सांगू नये. ती सवय मोडेपर्यंत पुढची सुट्टी येते.

आता कागद. यात कसलीही हयगय चालायची नाही. लग्न आणि मुलाचा जन्म या गोष्टी फौजेच्या दप्तरात पार्ट टू ऑर्डरने चढतात. ती निघेपर्यंत पोर तुमच्या मांडीवर रडत असले, तरी दप्तरी जन्मलेले नसते. त्याचे डिपेंडंट कार्ड अडते आणि मिलिटरी हॉस्पिटलात तुम्ही खुलासे देत बसता. आधार, लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचे सर्व्हिस रेकॉर्ड, तिन्हीकडे तुमच्या नावाचे स्पेलिंग एकच हवे. छत्तीसगढातल्या कचेऱ्या बाईमाणसाच्या नावाला सवयीने ‘बाई’ जोडतात, तेही तपासा. पुढच्या सुट्टीत कूलर उघडण्याआधी नवऱ्याला हे कागद काढून बसवा, आणि भरतीच्या वेळी नॉमिनी म्हणून लिहिलेले सासूबाईंचे नाव अजून तसेच आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.